गळ्यातला देव

इथले भुताखेतांचे अनुभव मी बऱ्याच वर्षांपासून वाचते, आणि खरं सांगायचं तर बहुतेक वेळा हसण्यासाठीच वाचते. वडाखाली बाई उभी होती, वळून बघितलं तर कुणीच नाही... मी मनात म्हणायचे, या माणसाचं हिमोग्लोबिन एकदा तपासायला पाहिजे. मी लातूरच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. निम्मं आयुष्य लोकांचं रक्त काढण्यात गेलं. माझा विश्वास रिपोर्टवर. तेव्हा खालचं वाचून कुणी माझंच हिमोग्लोबिन विचारलं तर मला राग येणार नाही. बारा आहे.

आमची कॉलनी औसा रोडच्या आतल्या अंगाला आहे. नाव देत नाही, ते आधीच पुरेसं खराब झालंय. हा सगळा क्लासवाल्यांचा भाग. दर दुसऱ्या घराच्या वरच्या मजल्यावर मुलींचं हॉस्टेल, खाली मेस, कोपऱ्यावर झेरॉक्स. आमचे हे नांदेडला नोकरीला, शनिवारी येतात. मुलगा पुण्याला शिकतो. घरात मी आणि सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणते. मूळच्या उदगीरकडच्या, त्यामुळे बोलणं ठसक्याचं, मधूनच एखादा कानडी शब्द. वय पंच्याहत्तरच्या पुढे, शुगर जुनी, आणि हट्ट शुगरपेक्षाही जुना.

गेल्या उन्हाळ्यापासून कॉलनीत गळ्यातलं ओढण्याचे प्रकार सुरू झाले. तेही दिवसाढवळ्या. लातुरात पाठीला सॅक अडकवलेला पोरगा गाडी थांबवून "मावशी, अमका क्लास कुठं?" असं विचारतो, तेव्हा त्याच्यावर कुणी संशय घेत नाही. बाहेरगावची लेकरं, आईबापांनी पोटाला चिमटा काढून पाठवलेली... आपल्या बायका हातातली पिशवी खाली ठेवून, हातवारे करकरून पत्ता सांगतात. चोरांनी नेमकं हेच हेरलं होतं. दोघं मोटरसायकलवर, दोघांच्याही पाठीला सॅक. पत्ता विचारायचा, बाई हात वर करून दिशा दाखवायला वळली की गळ्यात हात घालायचा.

आधी कोपऱ्यावरच्या घरातल्या बाईचं गंठण गेलं, मग रिटायर्ड मास्तरीणबाईंची बोरमाळ. कॉलनीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळच्या 'सुप्रभात'च्या जागी 'सावधान' यायला लागलं. कुणी म्हणे मागच्या बाजूला भिंत बांधा, कुणी म्हणे हॉस्टेलच बंद करा, हॉस्टेलवाले म्हणे आमच्या पोरी गेल्या तर तुम्ही घर चालवणार का. मग एका रविवारी मंदिराच्या सभामंडपात मीटिंग झाली. पोलीस स्टेशनचे एक साहेब आले होते. बोलले चांगले. गस्त वाढवतो म्हणाले, आणि शेवटी हात जोडून, "माताभगिनींनो, एवढं करा, गळ्यात किमती वस्तू घालून बाहेर पडू नका."

आत्याबाईंनी घरी येऊन मुकाट्याने गळ्यातलं सोनं काढलं आणि माझ्या हातात दिलं. मला तर बरंच वाटलं. म्हटलं चला, एका बाबतीत तरी ऐकलं.

आता ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आम्ही लिंगायत. आमच्यात इष्टलिंग, म्हणजे मुठीत मावेल एवढं काळं शिवलिंग, गळ्यात घालतात. लहानपणी गुरू ते बांधतात, आणि मग ते मरेपर्यंत अंगावेगळं करायचं नाही. रोज सकाळी डाव्या तळहातावर घेऊन त्याची पूजा करायची, विभूती लावायची, बेल वाहायचा, आणि मगच तोंडात घास घालायचा. आजकाल आमच्यातही सगळे काही एवढं पाळत नाहीत. माझंच देवघरात असतं, मी काय सांगू. पण आत्याबाईंचं चांदीच्या डबीत, जाड दोऱ्यात, पदराखाली कायम. सोनं निघालं तरी ते निघणार नव्हतं. आणि गंमत बघा, बाकी गळा मोकळा झाल्यामुळे तो दोराच तेवढा लांबून ठळक दिसायला लागला.

सोमवारची सकाळ होती. आत्याबाई रोजच्यासारख्या मंदिरामागच्या झाडाचा बेल आणायला गेल्या. मी डबा भरत होते. बाहेर गलका ऐकू आला म्हणून हातातला चमचा तसाच घेऊन धावले. त्या झाडाखाली बसल्या होत्या. कपाळाला खरचटलेलं, मानेवर दोऱ्याचा लालभडक वळ. बेलाची पानं सगळीकडे पसरलेली. हॉस्टेलच्या दोन मुली त्यांना पाणी पाजायचा प्रयत्न करत होत्या आणि त्या ओठ घट्ट मिटून मान हलवत होत्या.

"आत्याबाई, लागलं का फार?"

"देव नेला गं माझा," त्या म्हणाल्या. एवढंच. रिकाम्या गळ्यावर हात ठेवून नुसत्या बसून राहिल्या.

पोलीस स्टेशनला मीच गेले. समोरचे हवालदार लिहून घेत होते.

"सोनं किती होतं, मॅडम?"

"सोनं नव्हतं. चांदीची डबी होती. पण डबीचं सोडा, आतलं मिळालं पाहिजे."

"आत काय व्हतं?"

"इष्टलिंग."

त्यांचं पेन थांबलं. मग उरलेलं सगळं काही न विचारता त्यांनी लिहून काढलं, माझी सही घेतली, आणि मी उठल्यावर हळूच म्हणाले, "ताई, आईनं काही खाल्लं का?"

मी नाही म्हटलं. ते म्हणाले, "माझी आज्जीबी अशीच व्हती. आमी बगतो. तुमी घराकडं ध्यान द्या."

तोपर्यंत मी चोरांवर चिडले होते, कॉलनीवर चिडले होते. आत्याबाई आता जेवणार नाहीत, हे त्या परक्या माणसाला माझ्याआधी कळलं होतं.

आणि तसंच झालं. देव नाही तर घास नाही. त्या दिवशी नाही, दुसऱ्या दिवशी नाही. घोट घोट पाणी तेवढं घ्यायच्या, तेही मी हातापाया पडल्यावर. उपाशी पोटी शुगरची गोळी देता येत नाही, ती बंद करावी लागली. मी सकाळ-संध्याकाळ बोटाला सुई टोचून शुगर बघायचे. डॉक्टरांशी बोलले, ते म्हणाले ॲडमिट करा, सलाईन लावू. आत्याबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, "सलाईन म्हंजे जेवनच की. नळीनं गेलं म्हून काय झालं?"

यांनी नांदेडहून फोनवर आईला समजावलं, मग रागावले, मग रडले. "आई, माझी शपथ हाय तुला."

"तुझी शपत तुझ्यापाशी ठेव," त्या म्हणाल्या. "आन् तू जेवलास का?"

मग यांनीच उदगीरहून स्वामींना पाठवलं. स्वामी म्हणजे आमचे गुरू, मामांचं म्हणजे माझ्या सासऱ्यांचं शेवटचं सगळं त्यांनीच केलं होतं. चांगला, समजूतदार माणूस. नवीन इष्टलिंग बरोबर घेऊनच आले. "आई, हरवलं तर दुसरं बांधता येतं. काही दोष न्हाई. मी सांगतो ना."

आत्याबाईंनी त्यांना वाकून नमस्कार केला आणि म्हणाल्या, "स्वामी, तुमचं खरं हाय. पन ह्या वयात नवा देव वळखायचा न्हाई मला."

स्वामी जाताना मला दारात म्हणाले, "ताई, मी जबरदस्तीनं नाही बांधू शकत. हा देव आहे, मलमपट्टी नाही."

या सगळ्यात मी काय करत होते सांगते. मी घराचा किल्ला करत होते. काहीतरी करायला पाहिजे ना माणसाला! दाराला आधीच जाळीचा लोखंडी दरवाजा होता, त्याला दुसरं कुलूप बसवलं. मागच्या दाराला आडवी पट्टी ठोकून घेतली. खिडक्यांना गज होतेच. हॉलमध्ये कॅमेरा लावला, मोबाईलवर दिसणारा. त्यात देवघर, आत्याबाईंची बसायची जागा आणि पुढचं दार दिसायचं; स्वयंपाकघराकडची बाजू तेवढी येत नव्हती. चोर मोकळे फिरत होते आणि कुलपं आम्ही आमच्याच घराला लावत होतो. कॉलनीत सगळ्यांचं तेच चाललं होतं.

त्यातच एक गोष्ट मला दिसली. तिला मी तेव्हा फारशी किंमत दिली नाही. आत्याबाई पूजा थांबवत नव्हत्या. रोज सकाळी देवघरासमोर घोंगडीवर बसायच्या, डावा हात पुढे धरायच्या आणि रिकाम्या तळहाताचीच पूजा करायच्या. वरून पाणी, वरून विभूती, वरून बेल. मला बघवायचं नाही. तिसऱ्या सकाळी मी त्यांचा हात पुसायला बसले. तळहातभर विभूती पसरली होती, पण मधोमध, रुपयाच्या नाण्याएवढी गोल जागा कोरी होती. तिथे राखेचा कणही नव्हता.

"हात रिकामा न्हाई लागत गं," आत्याबाई म्हणाल्या. "कुनीतरी खाली हात धरल्यावानी वाटायलंय."

तळहाताला खळगा असतो, पाणी तिथे साचतं, विभूती कडेला सरकते... मी स्वतःला असं समजावलं आणि हात पुसून टाकला. उपाशी माणसाला काहीही वाटू शकतं, हेही मला माहीत होतं.

त्यानंतरच्या सकाळी हवालदारांचा फोन आला. पोरं सापडली नव्हती, पण डबी सापडली होती. बाहेरच्या तालुक्यातल्या एका सोनाराने ती विकत घेतली होती. "आणि आतलं?" मी विचारलं. हवालदार म्हणाले, "ताई, तो म्हनतो आत देव निगाला, पाप नको म्हून मी मांजरा नदीत सोडून दिला. खोटं बोलायलाय असं न्हाई वाटत. रडत होता."

मी हे आत्याबाईंना सांगितलं नाही. कसं सांगणार? मी मुकाट्याने त्यांचं रक्त काढून घेतलं. शीर सापडेना. एवढ्या वर्षांत लहान लेकरांच्या शिरा मी एका टोचणीत पकडल्यात, पण त्या दिवशी तीन वेळा टोचावं लागलं. आत्याबाईंचे ओठ सुकून पापुद्रे निघाले होते आणि श्वासाला कीटोन वाढल्याचा तो गोडूस, आंबूस वास यायला लागला होता. लॅबवाल्याला तो वास सांगावा लागत नाही.

यांना फोन केला. म्हटलं, आजच या. संध्याकाळी ॲडमिट करायचं, त्यांनी कितीही नाही म्हटलं तरी. शुद्धीत नसतील तर उलट सोपं जाईल, असंही बोलले. असं बोलले मी.

सँपल मशीनवर मी स्वतः लावायचं ठरवलं होतं. लॅब स्कूटीवर पाच-सात मिनिटांवर. "आत्याबाई, अर्ध्या तासात येते," म्हणून बाहेरून जाळीला दोन्ही कुलपं लावली. एक किल्ल्यांचा जुडगा माझ्याकडे, दुसरा नांदेडला यांच्याकडे. मागचं दार मी तीनदा ओढून बघितलं.

लॅबमध्ये दुपारची गर्दी ओसरली होती. मशीन चालू केलं आणि मोबाईलवर कॅमेरा उघडला. आत्याबाई घोंगडीवर बसल्या होत्या, भिंतीला टेकून. डोळे मिटलेले. मी श्वास चालतोय का तेवढं बघत होते.

आणि त्यांनी डोळे उघडले. कॅमेऱ्यात न येणाऱ्या बाजूला, स्वयंपाकघराकडे बघितलं. नुसतं बघितलं नाही, नजर दारापासून सरकत सरकत आत आली, जसं कुणी चालत यावं तशी. मग त्यांनी घाईने डोक्यावर पदर ओढला. ज्या बाईला दोन दिवस उठवून बसवावं लागत होतं, ती बाई हाताच्या रेट्यावर घोंगडीवरून बाजूला सरकली, खाली फरशीवर. काहीतरी बोलली. ओठ हलताना दिसत होते, आवाज येत नव्हता.

घरात माणूस होता.

माझ्या मनात दुसरा विचारच आला नाही. डबी घेऊन गेले, घर बघून ठेवलं, म्हातारी एकटी आहे हे त्यांना माहीत... मागचं दार फोडलं असणार. तो स्वयंपाकघराच्या दारात उभा आहे आणि ती घाबरून बाजूला सरकलीय. मी ॲप्रन अंगात तसाच ठेवून पळाले. मशीनवर सँपल, काउंटरवर पेशंट, कुणाला काही बोलले नाही. स्कूटी चालवताना हवालदारांना फोन लावला आणि काय बोलले आठवत नाही, "घरात आहे, घरात आहे" एवढंच ओरडत होते बहुतेक. चौकात एका पोराने सॅक लावून रस्ता ओलांडला, तर मला वाटलं गाडी त्याच्या अंगावर घालावी. इतकं डोकं फिरलं होतं.

घरासमोर आले. जाळी बंद. दोन्ही कुलपं जशीच्या तशी. मी घराला वळसा घातला, मागचं दार बंद, खिडक्यांचे गज जागच्या जागी. म्हणजे तो अजून आतच. हॉस्टेलच्या मावशी मला बघून बाहेर आल्या, त्यांच्या हातात लाटणं होतं, आणि त्या लाटण्याचा मला केवढा आधार वाटला. किल्ली कुलपात जाईना.

दार उघडलं.

आत्याबाई फरशीवर बसून जेवत होत्या.

दुरडीतली सकाळची भाकरी, दुधात कुस्करून. माझ्यासाठी करून ठेवली होती मी ती, सकाळी घशाखाली उतरली नव्हती. त्या हळूहळू, एकेक घास चावून खात होत्या. डावी मूठ मिटून छातीशी धरली होती. मी स्वयंपाकघर बघितलं, बाथरूम, पलंगाखाली, कपाटामागे. मावशी लाटणं घेऊन माझ्या मागे मागे. कुणीही नव्हतं. मागच्या दाराची पट्टी आतून तशीच. थोड्या वेळात हवालदार आले, त्यांनी गच्चीपर्यंत बघितलं. कुणीही नव्हतं.

"आत्याबाई, कोण आलं होतं?" मी त्यांच्यासमोर बसत विचारलं. माझा आवाज चढला होता. "कुणाशी बोलत होता तुम्ही?"

"आधी पानी दे," त्या म्हणाल्या. पाणी प्यायल्या. मग डावी मूठ माझ्यासमोर उघडली.

तळहातावर इष्टलिंग होतं.

हवालदारांनी डोक्यावरची टोपी काढली. मला आधी काय वाटलं सांगू? आनंद. नुसता आनंद. सोनार खोटं बोलला, कुणीतरी खिडकीतून आणून टाकलं, काय वाटेल ते असो, आत्याबाई जेवल्या. मी ते हातात घेतलं, डोळ्यांना लावायला म्हणून. आणि माझं बोट बुडाशी गेलं.

बुडाला एक टवका होता. नखाएवढा, चंद्रकोरीसारखा. माझं बोट त्यात बरोब्बर बसलं, जसं कित्येक महिने रोज सकाळी बसायचं.

आत्याबाईंचं इष्टलिंग बुडाला गुळगुळीत. डबीची कडी मोडली तेव्हा काही महिन्यांपूर्वीच मी ते हाताळलं होतं. हे टवक्याचं इष्टलिंग मामांचं होतं. मामांना शेवटी डाव्या बाजूचा अर्धांगवायू झाला होता. डावा तळहात उचलायचा नाही, म्हणून पूजेच्या वेळी मी खालून हात धरायचे. पूजा झाली की धुऊन-पुसून परत त्यांच्या गळ्यात बांधायचे. तरुणपणी बैलगाडीवरून पडले तेव्हा उडालेला तो टवका, हे त्यांनीच मला सांगितलं होतं. जीभ जड झाली होती तरी हसत हसत सांगितलं होतं.

आणि आमच्यात माणूस गेला की त्याला पुरतात, बसलेल्या अवस्थेत, आणि त्याचं इष्टलिंग त्याच्या डाव्या तळहातात देतात. मामा गेले त्याला तीनेक वर्षं झाली. त्यांच्या गळ्यातून ते काढून मीच स्वामींच्या हातात दिलं होतं. स्वामींनी सगळ्या गावासमोर ते मामांच्या तळहातावर ठेवून वरून कापड बांधलं. माती पडेपर्यंत मी तिथे उभी होते.

मी आत्याबाईंकडे बघितलं. त्यांनी माझ्या हातातून ते काढून घेतलं.

"माझं न्हाई हे," त्या म्हणाल्या. "मालकाचं हाय."

"पण तुम्ही तर... तुम्ही म्हणाला होता नवा देव..."

"हा कुठं नवा हाय? जलमभर बगितला की मी."

मग आडव्या झाल्या आणि शांत झोपल्या. मी बोटाला टोचून शुगर बघितली. मला दुसरं काही सुचलंच नाही.

संध्याकाळी हे नांदेडहून आले. आईला वरण-भात खाताना बघून दारातच बसले. रात्री आम्ही रेकॉर्डिंग बघितलं. ते ॲप माणूस दिसला की त्याच्याभोवती हिरवा चौकोन काढतं. सबंध वेळ चौकोन एकच. आत्याबाई पदर घेतात, घोंगडीवरून खाली सरकतात, मग हाताने घोंगडीची सुरकुती सारखी करतात. हे लाईव्ह बघताना माझ्या लक्षात आलं नव्हतं, किंवा तेव्हा मी धावत सुटले होते. मग डावा हात पुढे धरतात, तोंड वर करून. मग मूठ मिटतात.

हे स्क्रीनकडे बघत म्हणाले, "अण्णा जेवायला आले की आई असंच करायची."

अण्णा म्हणजे मामा. मलाही ते माहीत होतं. लग्न होऊन आल्यापासून बघत होते. मामा आत आले की घोंगडी त्यांना, आणि सुरकुती सारखी करून आत्याबाई खाली फरशीवर. दुसऱ्या कुणासाठी त्यांनी ते कधी केलं नाही. स्वामी आले तेव्हाही नाही, स्वामींना त्यांनी खुर्ची दिली होती.

पण हेही माझ्यासारखेच, सहजासहजी मानणारे नव्हेत. म्हणाले, पुरताना अदलाबदल झाली असेल. अण्णांच्या हातात आईचं गेलं, आईच्या गळ्यात अण्णांचं राहिलं. मी म्हटलं, मग काही महिन्यांपूर्वी मी हाताळलं त्याला टवका कसा नव्हता? बरं, तेही सोडा. चोरांनी नेलं ते कुठलं? आणि समजा आत्याबाईंनी दुसरं कुठेतरी लपवून ठेवलं होतं, तर मग चार दिवस उपाशी मरायला का बसल्या? त्यांनी रेकॉर्डिंग पुन्हा पहिल्यापासून लावलं.

आत्याबाई सावरल्यावर एका रविवारी आम्ही तिघं गावाकडे गेलो. उदगीरच्या अलीकडे आमचं शेत आहे, बांधावर मामांची समाधी. सिमेंटचा ओटा, वर लहानशी पिंड. आजूबाजूला सोयाबीन गुडघ्याला लागलेलं. यांनी ओट्याभोवती फिरून, खाली बसून, हात लावून सगळं बघितलं. एक भेग नाही. ओट्याच्या कडेला जुनं गवत मुळं धरून होतं. शेजारच्या शेतकऱ्याला विचारलं, तो म्हणाला, "तिथं कोन हात लावतंय? साप हाय तिथं." स्वामींना फोनवर विचारलं, उघडून बघायचं का. ते म्हणाले, "बघून काय करणार आहात?" यांनी फोन खिशात टाकला.

मी नैवेद्याचं ताट बरोबर नेलं होतं. पुरणपोळी, भात, वरून तूप. दर वर्षी नेतोच. ते ओट्यावर ठेवायला वाकले आणि माझा हात तिथेच थांबला. माझ्या डोक्यात एकच आलं. आमच्यात देव अंगावर नसेल तर घास घेता येत नाही. जिवंत माणसाला नाही, तर मामांना तरी कसा चालेल? त्यांचं तर आत्याबाईंच्या गळ्यात होतं, माझ्या डोळ्यांसमोर, नव्या दोऱ्यात.

मी अशी ताट घेऊन उभी राहिलेली बघून आत्याबाईंना न विचारताच कळलं.

"ठेव की," त्या म्हणाल्या. "माझं त्यांच्यापाशी असंल."

"ते तर नदीत..." मी बोलून गेले. सोनाराचं मी त्यांना तोवर सांगितलंच नव्हतं.

"नदीत असू दे, न्हाईतर कुटंबी असू दे. तेनी हुडकलं असंल. सवताचं मला देऊन मानूस उपाशी बसंल व्हय?" आणि ओट्यावर तळहात टेकवून बसून राहिल्या.

याचं स्पष्टीकरण माझ्याकडे नाही. आजही नाही. चोर अजून सापडलेले नाहीत, कॉलनीत आता चार कॅमेरे झालेत, आत्याबाई रोज सकाळी बेलाला जातात आणि त्या परत येईपर्यंत मी खिडकीत उभी असते. कुणाला काही सुचत असेल तर जरूर लिहा, मी वाचेन. तीन वर्षं मातीखाली राहिलेल्या माणसाच्या तळहाताचं काय होतं, हे मला लॅबवालीला चांगलं माहीत आहे. पण त्या दिवशी सोयाबीनमध्ये ताट धरून उभी असताना, आत्याबाई म्हणतात तेच खरं असावं, एवढं एकच मी मागत होते. मामा उपाशी नसावेत.

मी ताट ठेवलं.